चिंगी पास की नापास?

शंभर गुणांचा पेपर. पास व्हायला ३५ हवेत. चिंगीला पडले बरोब्बर ३५. सांगा बघू, चिंगी पास की नापास?

"पास!" असंच ओरडलात ना? अगदी बरोबर. काठावर का होईना, पास ते पास. घरी थोडी बोलणी बसतील, पण वर्ष तर वाया गेलं नाही.

आता हेच निकालाचं काम आपण कॉम्प्युटरला सांगू या. त्याला चिंगीबद्दल माया नाही आणि रागही नाही. काठावर म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नाही. तुम्ही एक ओळ लिहून द्यायची आणि ती ओळ म्हणेल तसा निकाल त्यानं लावायचा. समजा, तुम्ही लिहिलंत:

गुण > ३५

झालं, चिंगी नापास! ३५ काही ३५ पेक्षा मोठे नाहीत. आता याच ओळीत एवढीशी भर घाला:

गुण >= ३५

चिंगी पास! आणि गंमत बघा, वर्गातल्या बाकी कुणाच्या निकालात तसूभरही फरक पडला नाही. ३४ वाला मन्या दोन्ही वेळा नापास, ३६ वाली सुमी दोन्ही वेळा पास. फरक पडला तो नेमक्या काठावर बसलेल्यांना. मतदानाचंही तसंच. आपल्या देशात मतदानाचं वय १९८९ साली २१ वरून १८ वर आलं. यादी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणी 'वय > १८' असं लिहून ठेवलं, तर नुकतीच अठरा पूर्ण केलेली ताई बिचारी आणखी वर्षभर घरीच बसेल.

या चिन्हांना प्रोग्रॅमिंगमध्ये कंपॅरिझन ऑपरेटर म्हणतात, म्हणजे तुलना करणारी चिन्हं. प्रोग्रॅमिंग शिकायला लागलं की ती अगदी सुरुवातीलाच भेटतात. दिसायला इतकी साधी, की पुस्तकात त्यांना जेमतेम अर्धं पान मिळतं आणि सगळे पुढच्या धड्याकडे पळतात. मला हे मुळीच पटत नाही. नवशिक्यांच्या कितीतरी भानगडी याच चिन्हांपाशी सुरू होतात. तेव्हा आज आपण इथेच फतकल मारून बसायचं.

जवळ कॉम्प्युटर असेल तर पायथॉन उघडा. ही भाषा नेदरलँड्सच्या ग्वीदो फान रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणली. नाव अजगराचं वाटतं, पण ते त्यांनी घेतलं 'मॉन्टी पायथॉन' नावाच्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून! पायथॉनची एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. २००८ साली तिची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून तिच्यात नावं चक्क मराठीत देता येतात. 'गुण = ३५' असं लिहा आणि एंटर दाबा. मग 'गुण >= ३५' लिहा आणि पुन्हा एंटर. उत्तर येईल 'ट्रू', म्हणजे खरं. 'गुण > ३५' विचारलंत तर 'फॉल्स', म्हणजे खोटं. फक्त एक करा. इथे आकडे मराठीत छापलेत, पण टाइप करताना ते इंग्रजीत करा. नावं मराठी चालतात, नुसते आकडे चालत नाहीत. आहे हे असं आहे!

प्रत्येक चिन्ह म्हणजे एक प्रश्न आणि त्याची उत्तरं दोनच: खरं किंवा खोटं. 'बहुतेक', 'थोडंसं', 'बघू उद्या' असली उत्तरं इथे नसतात. आईला देता येतील, कॉम्प्युटरकडून मिळणार नाहीत.

शाळेत < आणि > शिकवताना बाई मगरीची गोष्ट सांगतात. मगर अधाशी, म्हणून तिचा जबडा कायम मोठ्या संख्येकडे उघडा. प्रोग्रॅमिंगमध्येही तीच मगर चालते. वहीत आपण तिच्याखाली छोटी रेघ मारून 'पेक्षा लहान किंवा बरोबर' असं दाखवतो, पण कीबोर्डवर तसलं बटणच नाही. म्हणून दोन चिन्हं शेजारी शेजारी टाइप करायची: <= आणि >=. बरोबरचं चिन्ह नेहमी मागून येतं. => असं उलटं लिहिलंत की पायथॉन रुसलाच म्हणून समजा. 'बरोबर नाही' असं विचारायला उद्गारचिन्ह वापरतात: !=. आणि 'बरोबर आहे का?' असं विचारायला ==, एक सोडून दोन बरोबर. दोन कशाला, ते सांगतो. त्यामागे मोठी कहाणी आहे, पण ती जरा जुन्या काळापासून ऐकावी लागेल.

आपले भास्कराचार्य, जन्म १११४ चा. त्यांच्या काळात बीजगणितात बरोबरचं चिन्हच नव्हतं. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायच्या, की झालं. युरोपात 'बरोबर' हे अक्षरांत लिहायचे, पुन्हा पुन्हा, प्रत्येक ओळीत. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या डॉक्टरला याचा कंटाळा आला. १५५७ मध्ये आपल्या गणिताच्या पुस्तकात त्यानं दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा मारल्या. याहून जास्त सारख्या दोन गोष्टी कुठे मिळणार, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या, पुढे छापणाऱ्यांनी त्या आखडत्या घेतल्या.

लहान-मोठ्याची चिन्हं आली १६३१ मध्ये, टॉमस हॅरियट या इंग्रज गणितीच्या पुस्तकात. तोवर हॅरियटला जाऊन दहा वर्षं झाली होती. पुस्तक मागाहून निघालं. हा माणूस भन्नाट. १६०९ च्या जुलैमध्ये त्यानं दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं होतं, गॅलिलिओच्याही काही महिने आधी! पण चित्र छापायचं राहिलं आणि नाव झालं गॅलिलिओचं. लहान-मोठ्याच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह जोडलं ते प्येर बुगे या फ्रेंच गणितीनं, १७३४ मध्ये.

मग आले कॉम्प्युटर. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि मंडळींनी फोरट्रान ही भाषा तयार केली. तेव्हा प्रोग्रॅम जाड कागदी पत्त्यांवर भोकं पाडून लिहायचे आणि भोकं पाडणाऱ्या त्या यंत्रावर < आणि > ही बटणंच नव्हती! मग तुलना करायची कशी? फोरट्रानकरांनी झकास युक्ती काढली. एका संख्येतून दुसरी वजा करा. उत्तर ऋण आलं तर या ओळीवर जा, शून्य आलं तर त्या ओळीवर, धन आलं तर तिसऱ्या. लहान, बरोबर, मोठी. तिन्ही शक्यता एका फटक्यात निकालात!

ही युक्ती जुनी झाली असं वाटतंय? अहो, तुमच्या घरातल्या मोबाइलमधली चिपसुद्धा आत हेच करते. तुम्ही 'गुण >= ३५' विचारलंत, की ती गुणांमधून गुपचूप ३५ वजा करते. सुमीचे ३६ उणे ३५, उरला १. चिंगीचे ३५ उणे ३५, उरलं शून्य. मन्याचे ३४ उणे ३५, उणे १. आणि मग एवढी मेहनत करून काढलेलं उत्तर ती चक्क टाकून देते! ठेवते फक्त दोन-चार खुणा, ज्यांना फ्लॅग म्हणतात: उत्तर शून्य होतं का, ऋण होतं का, वगैरे. 'पेक्षा मोठं?' म्हणजे शून्यही नाही आणि ऋणही नाही. 'मोठं किंवा बरोबर?' म्हणजे ऋण नाही, एवढं पुरे. 'बरोबर नाही?' म्हणजे शून्य नाही. सहाही चिन्हांची उत्तरं या खुणा बघूनच मिळतात. चिंगीला पास करणारं ते बरोबरचं चिन्ह आत काय करतं, कळलं? शून्य आलं तरी चालेल, असं सांगतं.

आता दोन बरोबरची कहाणी.

'गुण = ३५' हे आपण मघाशी लिहिलं, तेव्हा काय केलं? गुण नावाच्या डबीत ३५ ठेवले. तो हुकूम झाला. आणि 'गुण बरोबर ३५ आहे का?' हा झाला प्रश्न. हुकूम वेगळा, प्रश्न वेगळा, तर चिन्हंही वेगळी हवीत. अल्गोल नावाच्या भाषेत आणि नंतर पास्कलमध्ये हुकुमाला := आणि प्रश्नाला साधं = ठेवलं होतं. मला विचाराल तर हेच जास्त शहाणपणाचं. पण १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉमसन यांनी बी नावाची भाषा बनवली. त्यांनी हिशेब केला, की प्रोग्रॅममध्ये डबीत काहीतरी ठेवण्याचं काम 'बरोबर आहे का' विचारण्यापेक्षा साधारण दुप्पट वेळा करावं लागतं. मग जास्त लागणारं चिन्ह निम्म्या लांबीचं असलेलं बरं! म्हणून हुकुमाला एक बरोबर आणि प्रश्नाला दोन. बीनंतर त्याच लॅबमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा केली. तिनं हे चिन्ह उचललं आणि सीच्या पावलावर पाऊल ठेवून जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथॉननंही. बोटांचे कष्ट वाचवायला निघालेली एक कल्पना पन्नासहून जास्त वर्षं शिकणाऱ्यांना ठेचा देत आली आहे.

ठेच लागते कुठे? सी भाषेत 'गुण बरोबर ३५ असतील तर' असं विचारताना चुकून एकच बरोबर पडलं, तर कॉम्प्युटर तक्रार करत बसत नाही. तो मुकाट्यानं डबीतले आधीचे गुण काढून टाकतो, तिथे ३५ ठेवतो आणि म्हणतो, हं, खरं! म्हणजे मन्याचे ३४ जाऊन ३५ झाले. सुमीचे ३६ होते, तेही ३५. अख्खा वर्ग काठावर!

हसू नका, याच फटीतून एकदा खरीखुरी घुसखोरी व्हायची होती. लिनक्स ऐकलंय? लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये शिकत असताना १९९१ मध्ये सुरू केलेली ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइड फोनच्याही पोटात तीच असते. तिचा प्रोग्रॅम सगळ्यांना बघायला खुला असतो. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये या प्रोग्रॅमची एक प्रत ठेवलेल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी शिरलं आणि त्यात दोनच ओळी घालून गेलं. लिनक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक असतो आणि शून्य क्रमांक म्हणजे सगळ्या किल्ल्या हातात असलेला मालक. घुसडलेली ओळ वरवर पाहिली तर साधीच वाटायची: 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' असं ती जणू विचारत होती. पण तिथे दोन बरोबरऐवजी एकच बरोबर होतं. म्हणजे प्रश्न नव्हताच तो, हुकूम होता: याचा क्रमांक शून्य कर! ज्याला ही युक्ती ठाऊक, तो एका झटक्यात मालक झाला असता. सुदैवानं मूळ प्रोग्रॅम आणि ही प्रत ताडून पाहताना दोन्हींत फरक दिसला आणि चोरी पकडली गेली. लोकांच्या लिनक्सपर्यंत ती ओळ पोचलीच नाही. चोर मात्र सापडला नाही.

पायथॉनमध्ये असं घडत नाही. 'जर' म्हणून सुरू केलेल्या ओळीत एकच बरोबर लिहिलंत तर तो तिथेच अडवतो. नव्या आवृत्त्या तर अदबीनं विचारतात, की तुम्हाला दोन बरोबर म्हणायचं होतं का? नवशिक्यांनी पायथॉनपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, त्यामागचं हे एक कारण.

दुसरं कारण आहे रेल्वेचं तिकीट. रेल्वेत पाच वर्षं पूर्ण झालेल्या आणि बारा पूर्ण न झालेल्या मुलांना अर्धं तिकीट असतं, पण त्यांच्यासाठी वेगळी बर्थ मागायची नाही. गणिताच्या वहीत आपण लिहू:

५ <= वय < १२

पायथॉनमध्ये ही ओळ जशीच्या तशी चालते. पाच वर्षांचा बंटी आत, बाराव्या वाढदिवसाचा केक कापलेली ताई बाहेर. एका टोकाला काठ धरून, दुसऱ्या टोकाला काठ सोडून. पण हीच ओळ सी भाषेत लिहा आणि चाळीस वर्षांच्या काकांना तिकीट काढायला पाठवा. त्यांनाही अर्धं तिकीट मिळेल! कसं? सी डावीकडून एकेक प्रश्न सोडवते. आधी '५ <= ४०'? खरं. आणि सीमध्ये 'खरं' म्हणजे १. आता उरलं '१ < १२'. हेही खरं! काकांचं वय दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचलंच नाही. खोटं आलं असतं तर? खोटं म्हणजे शून्य, आणि शून्यसुद्धा बारापेक्षा लहानच. म्हणजे काका, आजोबा, तान्हं बाळ, सगळा डबा अर्ध्या तिकिटावर! सीमध्ये 'वय ५ किंवा जास्त' आणि 'वय १२ पेक्षा कमी' असे दोन वेगळे प्रश्न लिहून मधे 'आणि'चं चिन्ह जोडावं लागतं.

चला, परत निकालाकडे. समजा तुमचा प्रोग्रॅम गुण विचारतो आणि आपण ते टाइप करतो. पायथॉनच्या दृष्टीनं टाइप केलेली गोष्ट म्हणजे संख्या नसते, नुसती अक्षरांची माळ असते, अवतरणचिन्हांत ठेवलेली. '३५' == ३५ विचारलंत तर उत्तर येतं खोटं! पस्तीस अशी दिसणारी अक्षरं आणि पस्तीस ही संख्या त्याला वेगवेगळी. आणि '३५' >= ३५ विचारलंत तर तो सरळ हात वर करतो: अक्षरं आणि संख्या यांत लहान-मोठं मला ठरवता येत नाही. हे त्याचं म्हणणं मला योग्यच वाटतं. जावास्क्रिप्ट मात्र अशा वेळी फार समजूतदारपणा करायला जाते. '३५' आणि ३५ ती दोन बरोबरनं बरोबर धरते. त्यातून इतके घोळ झाले, की पुढे त्या भाषेत तीन बरोबरचं आणखी एक चिन्ह आणावं लागलं: ===. आधी एक, मग दोन, मग तीन!

सगळ्यात मजा येते ती दोन्हीकडे अक्षरांच्याच माळा असल्या तर. हे करून पाहाच:

'१००' < '३५'

उत्तर: खरं. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी रमा नापास! कॉम्प्युटर बिघडला की काय? छे. शब्दकोशात तुम्ही 'आंबा' आणि 'उंदीर' यांत आधी काय येतं ते कसं ठरवता? पहिलं अक्षर बघता. त्यात निकाल लागला तर पुढचं बघतच नाही. कॉम्प्युटरनंही तेच केलं. पहिलं अक्षर १, दुसरीकडे पहिलं अक्षर ३. एक आधी, तीन नंतर. विषय संपला, पुढची दोन शून्यं कोण बघतो! म्हणून आधी अक्षरांची संख्या करून घ्यावी लागते. पायथॉनमध्ये त्यासाठी 'इंट' नावाचा हुकूम आहे. त्याला मराठी आकड्यांतला '३५' अवतरणचिन्हांत दिलात, तरी तो बिनतक्रार ३५ ही संख्या काढून देतो. नुसत्या मराठी आकड्यावर मघाशी रुसणारा तो हाच पायथॉन.

पण अक्षरांत तरी आधी कोण आणि नंतर कोण, हे त्याला कुणी शिकवलं? युनिकोड नावाची एक जागतिक यादी आहे. जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना तिच्यात क्रमांक दिलेत. आपला अ आहे २३०९ क्रमांकाचा, क आहे २३२५. अक्षरांची तुलना म्हणजे या क्रमांकांची तुलना, म्हणजे पुन्हा आपली ती वजाबाकीच. आता बघा हं. ल चा क्रमांक २३५४. व चा २३५७. आणि आपला लाडका ळ? २३५५! ल ला लागून, व च्या आधी. का, तर ही देवनागरीची मांडणी एकट्या मराठीसाठी केलेली नाही. पण आपल्या वर्णमालेत ळ कुठे असतो? ह च्या नंतर, पार शेवटी, क्ष आणि ज्ञ यांच्या शेजारी.

म्हणजे वर्गाची हजेरी आडनावांप्रमाणे लावायला पायथॉनला सांगितलंत, तर काळे येतील आधी आणि कासार नंतर. वर्णमालेप्रमाणे पाहिलं तर स आधी, ळ नंतर, म्हणजे कासार आधी हवेत. क्षीरसागरांची गंमत आणखी वेगळी. कॉम्प्युटरला क्ष हे एक अक्षर दिसतच नाही. त्याला दिसतो क, मग हलन्ताची खूण, मग ष. त्यामुळे वर्णमालेत शेवटच्या बाकावर बसणारे क्षीरसागर हजेरीत खऱ्यांच्याही आधी जाऊन बसतात. < हे चिन्ह इथे चुकलेलं नाही. त्याला क्रमांक विचारले, त्यानं क्रमांक सांगितले. मराठी क्रम हवा असेल तर त्याचे वेगळे नियम कॉम्प्युटरला द्यावे लागतात. मोठ्या प्रोग्रॅममध्ये तसे ते देतातही.

आता एक चक्रावून टाकणारी ओळ:

०.१ + ०.२ == ०.३

उत्तर: खोटं! पाचवीतल्या मुलाला येणारी बेरीज पायथॉनला येत नाही? त्याला विचारलंत, की बाबा, तुझी बेरीज आली तरी किती, तर तो सांगतो ०.३०००००००००००००००४. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग एक चोरटा चार. एक भागिले तीन आपण दशांशात लिहायला गेलो तर ०.३३३३ असं संपतच नाही ना? कुठेतरी थांबावंच लागतं. कॉम्प्युटर लिहितो फक्त शून्य आणि एक वापरून. त्या पद्धतीत आपला साधा एक दशांशही असाच न संपणारा आहे! तो मधेच तोडावा लागतो आणि तोडलेल्या तुकड्यांची बेरीज केली की सूतभर चूक राहते. == हे चिन्ह सूतभरही सोडत नाही. म्हणून दशांशांना 'तंतोतंत बरोबर का?' असं विचारू नये. 'दोघांतला फरक अगदी नगण्य आहे का?' असं < वापरून विचारावं. पैशांचा हिशेब असेल तर रुपये सोडून पैसेच मोजावेत. १० पैसे अधिक २० पैसे बरोबर ३० पैसे, इथे कुठेच भांडण नाही.

तुमच्यातले काही जण स्क्रॅच वापरत असतील. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं २००७ मध्ये मुलांसाठी आणलेली ती रंगीत ठोकळ्यांची भाषा. तिच्यात तुलनेचे हिरवे ठोकळे तीनच आहेत: लहान, बरोबर, मोठं. >= नाहीच! मग चिंगीला पास कसं करायचं? 'गुण > ३४' असं लिहून पाहा बरं. चाललं? थांबा, मन्यानं पेपर फेरतपासणीला दिला आणि त्याचे झाले साडेचौतीस. आता तो पास होतोय, जो व्हायला नको. याला पक्कं उत्तर आहे: 'गुण ३५ पेक्षा लहान' हा ठोकळा 'नाही'च्या ठोकळ्यात बसवायचा. लहान नाही म्हणजे मोठे किंवा बरोबर.

एवढ्या कटकटी ऐकून वाटेल, की ही चिन्हं म्हणजे नुसता ताप. मग त्यांची ताकदही बघा. मी मनात १ ते १०० मधली एक संख्या धरतो. तुम्ही अंदाज सांगायचा, मी फक्त लहान, मोठी किंवा बरोबर एवढंच सांगणार. शहाणा खेळाडू पहिल्यांदा ५० म्हणतो. 'मोठी' म्हटलं, की १ ते ५० सगळ्या बाद. मग ७५. पुन्हा निम्म्या बाद. असं करत सातव्या अंदाजापर्यंत संख्या सापडतेच सापडते. १००० पर्यंतची असेल तर दहा अंदाज. १० लाखांपर्यंत वीस. आणि भारतातल्या १४० कोटी लोकांची नावं क्रमानं लावलेली असली, तर त्यातलं हवं ते नाव शोधायला जास्तीत जास्त किती वेळा तुलना करावी लागेल? ३१! एकतीस वेळा 'आधी की नंतर' विचारलं, की माणूस हजर. अट एकच, नावं क्रमानं हवीत. आणि क्रम कुणाचा, ते मघाशी काळे, कासार आणि क्षीरसागरांनी सांगितलंच आहे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक किती दिवसांत परत करायचं असतं? समजा सात. मग दंड लावणारी ओळ 'दिवस > ७' अशी लिहायची, की 'दिवस >= ७' अशी? आणि पुस्तक नेलं तो दिवस पहिला धरायचा की शून्यावा? स्वतःच ठरवून टाकू नका. ग्रंथपालबाईंना जाऊन विचारा, त्या सांगतील ते कागदावर लिहा, आणि मगच चिन्ह टाइप करा. सहा, सात आणि आठ हे तिन्ही दिवस घालून पाहायला विसरू नका.